स्टेअरिंगचा शाफ्ट: क्रॉस बदलावेत की अख्खाच नवा घ्यावा?

माझी पिकअप 2008 ची. स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय हे मला स्वतःला कळलंच नव्हतं, कारण रोज चालवणाऱ्याच्या हाताला सवय होऊन जाते. सांगितलं ते मेहुण्याने. फैजपूरहून भुसावळला निघालो होतो, गाडी त्याच्या हातात दिली. आमोद्यापर्यंत गडी गप्प. मग म्हणाला, "दाजी, तुमचं स्टेअरिंग आधी विचार करतं आन् मग वळतं."

शाफ्ट म्हणजे केबिनमधल्या स्टेअरिंगपासून खाली स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जाणारा जोडदांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांच्या जोडातले अधिकच्या खुणेसारखे तुकडे. त्यानंतर चार महिन्यांत मी आधी क्रॉस बदलून पाहिले आणि शेवटी शाफ्टच बदलला. दोन्हींचे पैसे भरलेत, म्हणून लिहायला बसलो.

टायरॉड एंड, किंगपिन (हे चाकांकडचे जोड) आणि स्टेअरिंग बॉक्स (शाफ्टचं फिरणं चाकांकडे पोचवणारी पेटी) तुम्ही आधी तपासलेत असं धरून चालतो. नसतील तपासले तर शाफ्टला हात लावू नका. शाफ्टवर संशय असेल तर गाडी बंद ठेवून एकाला सीटवर बसवा, त्याला स्टेअरिंग जरा-जरा डावं-उजवं हलवायला सांगा, आणि तुम्ही बॉनेटखाली जोडावर बोटं ठेवा. वरचा काटा (क्रॉसला धरणारा दुबोटी भाग) आधी हलतो आणि खालचा मागून येतो, की समजायचं. पण बोटं दोन ठिकाणी ठेवायची. एकदा क्रॉसवर आणि एकदा मधल्या स्लिपवर, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग आहे ना, तिथे. मी फक्त क्रॉसवर ठेवली होती. पुढचा सगळा खर्च तिथूनच सुरू झाला.

क्रॉस बदलायचं काम आपल्याकडे कुठल्याही लेथवर होतं. मिस्तरीने शाफ्ट उतरवून दिला, टर्नरने अर्ध्या दिवसात दोन्ही क्रॉस घालून दिले, काम हजाराच्या आत सुटलं. नव्या शाफ्टला याच्या चौपट-पाचपट लागतात. त्यामुळे पहिला कौल क्रॉसलाच जातो, आणि त्यात चूक काही नाही. प्ले खरोखर क्रॉसमध्येच असेल आणि बाकी शाफ्ट घट्ट असेल तर हे काम वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या शेजारच्या आप्पांच्या गाडीला असेच क्रॉस घातलेत. तीन केळीचे हंगाम झाले, तक्रार नाही.

फक्त दोन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्या. एक म्हणजे क्रॉसच्या वाट्या, म्हणजे त्याच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या, कशा बसवल्यात ते बघा. काही शाफ्टना वाट्यांसाठी लॉकची (वाटी अडवून धरणाऱ्या रिंगची) खाच असते, तिथे काम सरळ आहे. पण बऱ्याच शाफ्टना खाचच नसते, कारखान्यात वाटी दाबून तिची कड ठोकलेली असते. अशा ठिकाणी टर्नर जुनी कड घासून काढतो, नवी वाटी दाबतो आणि पंचने चार ठोके मारतो. ठोके नीट बसले तर ठीक. स्टेअरिंगच्या बाबतीत मला 'ठीक' हा शब्द फारसा आवडत नाही, पण तो ज्याचा त्याचा स्वभाव.

दुसरी गोष्ट काट्यांची. बहुतेक शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत यायला हवेत. स्लिपचे दोन भाग सुटे केले आणि परत घालताना एकमेकांत बसणाऱ्या दात्यांपैकी एखादा दाता चुकला, तर रेषा बिघडते आणि स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं. बागेच्या बांधावरून गाडी वळवताना मध्येच कोणीतरी हात धरल्यासारखं वाटायचं. टर्नरला सांगितलं तर म्हणे, "नवं हाये नाना, रुळंल." रुळलं नाही. परत उतरवलं, चुन्याची खूण करून काटे जुळवले, तेव्हा सरळ झालं. हा टर्नरचा दोष म्हणण्यापेक्षा माझा. उतरवायच्या आधी रंगाचा एक पट्टा दोन्ही भागांवर ओढला असता तर ही वेळच आली नसती.

इथपर्यंत सगळं सहन होण्यासारखं होतं. सहन झाला नाही तो आवाज.

टक्.

वेगात नाही यायचा. हमरस्त्यावर गाडी गुळगुळीत चालायची. पण सावद्याकडे वळून शिवार रस्त्याला लागलो, गाडी दहा-पंधराच्या चालीवर आली आणि डावं चाक खड्ड्यात उतरलं, की पायाशी टक्. बैलगाडीची चाकोरी ओलांडली की टक्. काळ्या रानातला रस्ता पावसाळ्यानंतर वाळून दगडासारखा होतो, तिथे तर टक्-टक्-टक् बागेपर्यंत सोबत. मागे क्रेटमध्ये केळी भरलेली असली की माझं लक्ष तसंही प्रत्येक धक्क्यावर असतं, कारण धक्का लागलेली केळी संध्याकाळपर्यंत काळी पडते. त्यात हा आवाज तळपायातून वर यायचा. क्रॉस नवे, काटे सरळ, हाताला प्ले नाही, आणि आवाज मात्र जुनाच.

तो होता स्लिपचा. केबिन रबरावर बसलेली असते आणि स्टेअरिंग बॉक्स चासीला. खराब रस्त्यावर दोघं वेगवेगळे हलतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतं, आणि ते सांभाळून घ्यायला शाफ्ट मधून सरकता ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं सरकून त्याचे दाते झिजतात, काही शाफ्टमध्ये दात्यांवर प्लास्टिकचा थर असतो तो उडतो, मग लोखंडावर लोखंड कोरडं अडतं आणि सुटताना टक् वाजतं. क्रॉस कितीही नवे घाला, स्लिप जुनीच राहते.

ग्रीस भरलं. तीन आठवडे शांतता. मग मे महिना लागला. आपल्याकडचा मे, 45 अंशांचा, त्यात ग्रीस पातळ होऊन ओघळलं, जे राहिलं त्यात धूळ बसली आणि त्याची पॉलिशपेस्ट झाली. परत टक्. परत ग्रीस. दर महिन्याला बॉनेट उघडून शाफ्टखाली हात घालायचा कंटाळा यायला लागला.

एका गॅरेजमध्ये यावर सोपा उपाय निघाला. "नाना, स्लिपवर दोन टाके मारून देतो, आवाज जिंदगीत यायचा नाही." खरंच आला नसता. पण वेल्डिंगने शाफ्ट एकजीव झाला की केबिन आणि चासीचं सगळं हलणं क्रॉसवर आणि बॉक्सच्या बेअरिंगवर येतं. शिवाय समोरून ठोकर बसली तर हाच शाफ्ट आत सरकून आखूड होतो, स्टेअरिंगचा दांडा छातीवर येऊ नये म्हणून. टाके मारले की तो भाल्यासारखा सरळ उभा. बाकी सगळ्या मुद्द्यांवर माझं मत बदलू शकतं, यावर नाही. टाका मारू नका, मारलेला शाफ्ट घेऊ नका.

भंगारातल्या शाफ्टचं याच ओघात आटोपतो. स्वस्त मिळतो, पण तो ज्या गाडीतून निघाला तिचं वयही आपल्याच गाडीएवढं. आपली झीज देऊन दुसऱ्याची घ्यायची.

राहिला नवा शाफ्ट. त्यात कंपनीचा आणि बाजारातला, असे दोन. बाजारातला जवळपास अर्ध्या किमतीत मिळाला असता, आणि मी तो दुकानात हातात घेऊन पाहिलाही. क्रॉस छान होते. पण शाफ्ट उभा धरला तर स्लिप आपल्याच वजनाने खाली सुळकन घसरली, आणि दोन्ही टोकं उलट-सुलट पिळली तर किंचित हलली. कंपनीचा पिळला तर अजिबात हलला नाही आणि सरकवायला हाताचा जरा जोर लागला. एका दुकानातले दोन नग, एवढ्यावरून सगळ्या बाजाराचा निकाल लावायचा नाही. तुमच्या हाताला बाजारातला नग घट्ट लागला तर खुशाल घ्या, पैसे वाचतील. पण ही परीक्षा केल्याशिवाय घेऊ नका, आणि जुना शाफ्ट सोबत न्या. पॉवर आणि साध्या स्टेअरिंगचे शाफ्ट बहुतेक वेळा सारखे नसतात, लांबी आणि दाते समोरासमोर ठेवूनच जुळवावे लागतात.

मी कंपनीचा घेतला. बसवताना चाकं सरळ करून स्टेअरिंग दोरीने बांधून ठेवलं, म्हणजे ते फिरायला नको. जोडाचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आरपार हाताने गेला पाहिजे. जात नसेल तर शाफ्ट पूर्ण आत बसलेला नाही. तिथे हातोडी चालवणाऱ्या मिस्तरीला थांबवायचं. बोल्ट-नट नवेच घातले.

पहिल्या दिवशी मुद्दाम रिकामी गाडी घेऊन त्याच शिवार रस्त्याने गेलो. खड्डे तेच होते. स्टेअरिंग जरा घट्ट वाटलं, ते आठवड्याभरात मोकळं झालं. टक् आलं नाही. आता त्या जागी डाव्या दाराच्या काचेचा खुळखुळ ऐकू येतो, जो आधीही असणारच.

तुमच्या गाडीची स्लिप घट्ट असेल, किंवा वर्षभरात गाडी विकायचीच असेल, तर मी तुम्हाला नव्या शाफ्टच्या खर्चात घालणार नाही. लॉकची खाच असेल तर लेथवर जा, क्रॉस घाला, रंगाचा पट्टा विसरू नका. पण स्लिपमध्ये बोटाला जरा जरी हललेलं लागलं, तर क्रॉसचे पैसे मध्ये घालवू नका. मी घालवले. जुना शाफ्ट अजून आमच्या शेडमध्ये फवारणीच्या पंपामागे पडलेला आहे. कोणाच्या मापात बसत असेल तर त्यातले क्रॉस काढून न्या, चारच महिने चाललेत.