नेटलोगो: टपरी हटवली तर काय होईल, हे लॅपटॉपवर बघण्याचं फुकट साधन

माझा दातांचा दवाखाना सेलूत आहे. 'तोंड उघडा' म्हटलं तर दोन बोटंही आत जाणार नाहीत, अशी पंचविशीतली पोरं खुर्चीत येऊन बसतात. गुटखा, मावा, नुसती सुपारी. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे असं सांगितलं की ती हसू बघतात, पण तेवढंही तोंड उघडत नाही. नियम केल्यावर नेमकं कोणाचं काय बदलतं, हे समजून घ्यायचं म्हणून मी नेटलोगो वापरायला घेतलं. दातांच्या डॉक्टरानं लिहिलेला सॉफ्टवेअरचा अभिप्राय आहे, त्या हिशेबानं वाचा.

नेटलोगो हे अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये काढलेलं सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि आमच्याकडे दुपारी लाइट जाते तेव्हा बॅटरीवरही चालतं. पडद्यावर चौकोनांचं गाव असतं आणि त्यात फिरणारी माणसं. प्रत्येक माणसाला तुम्ही नियम द्यायचे: याला तलफ किती, खिशात पैसे किती, किती चालायची तयारी. मग 'गो' दाबायचं आणि गाव आपोआप जगू लागतं. खाली आलेख सरकत राहतो. सोबत अशा तयार गावांची, म्हणजे मॉडेलांची, लायब्ररी येते. त्यातलं साथरोगाचं आणि अफवा पसरण्याचं मॉडेल आधी चालवून बघा, कारण एकाचं बघून दुसऱ्यानं तंबाखू धरणं हे जवळजवळ त्याच रचनेत बसतं.

मी तालुक्याच्या गावाचा ढोबळ नकाशा केला: शाळा, बाजार, एसटी स्टँड, टपऱ्या. कोट्पा हा तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा २००३ चा. त्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. तो नियम मी एका बटणावर ठेवला, गावातल्या एकूण टपऱ्यांची संख्या एका पट्टीवर आणि पुडीची किंमत दुसऱ्या पट्टीवर. नियम लावला, शाळेभोवतीच्या टपऱ्या गेल्या, आणि मोठ्यांच्या तंबाखूचा आलेख ढिम्म हलला नाही. पुढची टपरी कोपऱ्यावरच होती. मग एकूण संख्या कमी करत गेलो. बराच वेळ काहीच नाही, आणि टपऱ्या अगदी विरळ झाल्यावर एकदम फरक दिसायला लागला. अमेरिकेत डग्लस ल्यूक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'टोबॅको टाउन' नावाचं असंच मॉडेल प्रसिद्ध केलं. जिथे दुकानं दाट आहेत तिथे थोडी कमी करून भागत नाही, हे त्यांनाही दिसलं. त्यांचं गाव सिगारेटचं, माझं पुडीचं.

तो फरक मोठा निघाला, आणि तो दाखवला माझ्या दवाखान्यातल्या मामांनी. मामा स्वतः तंबाखू मळणारे. माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत म्हणाले, "डॉक्टर, तुमचा ह्यो माणूस रोज टपरीवर कामून जायलाय? पुडी खिशात असती की."

मी प्रत्येक माणसाला खिसा दिला. पुडी संपेपर्यंत तो टपरीकडे फिरकणार नाही. त्याबरोबर अंतराचा परिणाम आणखी घटला आणि किमतीचं वजन वाढलं. शाळकरी पोरांच्या खिशात मात्र पुडी नसते, ती जाता-येता घेतात. त्यांच्यासाठी शाळेजवळची टपरी हटणं खरंच कामाचं ठरतं, पण खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या पोरांना नाही. त्यांची खरेदी शाळेच्या गेटावरून उठून स्टँडवर जाते, आणि स्टँड १०० यार्डांच्या बाहेर. मामांना कोडमधलं एक अक्षर कळत नाही, तरी ते मॉडेलशी भांडू शकले. यासाठी माझ्याकडून पूर्ण मार्क.

सरकारं अशी मॉडेलं खरोखर वापरतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीनं २०१५ मध्ये, तंबाखू खरेदीचं किमान वय २१ केलं तर काय होईल, याचा अंदाज दोन मॉडेलांवरून मांडला: २००० ते २०१९ मध्ये जन्मलेल्यांमध्ये सुमारे २,२३,००० अकाली मृत्यू टळतील. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे तसा कायदाही झाला. भारतासाठी २०१३ मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं मॉडेल आलं. कर, धूरमुक्त जागा, डॉक्टरांचा सल्ला, माध्यमांतला प्रचार आणि जाहिरातबंदी असे पाच उपाय त्यात तपासले, आणि धूरमुक्त जागा व कर हे दोन वरचढ ठरले. पण ते विडी-सिगारेटवालं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. धूरमुक्त हॉटेलात बसून माणूस निवांत बार भरतो. आणि माझ्या खुर्चीतल्या, तोंड न उघडण्याच्या रोगाचं मूळ सुपारी. मॉडेलमध्ये तिची जागा आपल्यालाच आखावी लागते.

आता कटकटी. आज्ञा सगळ्या इंग्रजीत, आणि एक कंस चुकला तर गाडी थांबते. लोकसंख्या, वय, मृत्यू यातलं काही आयतं मिळत नाही. तंबाखू घेणाऱ्यांचं जिल्ह्याचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून घेता येतं, पण पुडीसाठी माणूस किती चालेल हा आकडा मी अंदाजाने घातला आहे. म्हणून माझे आलेख दाखवून कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायला मी जाणार नाही. दुसरं म्हणजे दर वेळी 'गो' दाबलं की उत्तर थोडं वेगळं येतं. एकच सोयीचा आलेख उचलून भाषण ठोकायचा मोह होतो. त्यावर 'बिहेवियरस्पेस' नावाची सोय आत आहे. ती तेच मॉडेल शेकडो वेळा चालवून सगळे निकाल तक्त्यात देते. जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपायचं.

तंबाखूमुक्त शाळेचं काम करणारे शिक्षक, एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे) विद्यार्थी, संख्याशास्त्राचे प्राध्यापक यांनी जरूर घ्यावं. पाचपैकी चार तारे. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे, वर्गात दाखवायला तेवढी पुरते. माणसं हजारांत न्यायची असतील तर उतरवून घेतलेलीच वापरा, आणि पडद्याचं चित्र दर पावलाला ताजं होतं ते बंद करा, वेग चांगलाच वाढतो.