५० एमएम एफ १.८ लेन्स, गुहागरच्या समुद्रावर

परवा गुहागरला ताईचे फोटो काढले, सूर्य बुडाल्यावर, फक्त ही लेन्स लावून, आणि खरंच जीव जडलाय हिच्यावर. आपल्याकडे सूर्य गेला की जेमतेम २०-२५ मिनिटं कामाचा उजेड असतो, तेवढ्यात किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) एफ ५.६ वर (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत) आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता जी वाढवली की फोटो दाणेदार होतो, ६४०० मागते तिथे हिचं ८०० वर भागतं, फोटो अजिबात दाणेदार येत नाही. ताईला समुद्राकडे तोंड करून उभं केलं, चेहऱ्यावर पश्चिमेचा मऊ गुलाबी उजेड आणि मागे सुरूचं बन ब्लर, आहाहा! समुद्र मागे हवा असेल तर मात्र चेहरा अंधारात जातो, छोटा एलईडी दिवा न्याच. अंधारात फोकस जरा चाचपडतो. घरी आल्यावर लेन्सवर बसलेलं खारं लगेच पुसा.