लेकीच्या ऑप्शन फॉर्मसाठी घेतलेलं मार्गदर्शन : पाचपैकी साडेचार

मुलुंडला स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापिका इंजिनिअरिंग प्रवेशाचं, म्हणजे कॉलेजं पसंतीक्रमाने भरायच्या ऑप्शन फॉर्मचं, मार्गदर्शन करतात. दारावर पाटीसुद्धा नाही. फी 1500 रुपये, त्यात तीन बैठका. त्याआधी एका मोठ्या क्लासला आम्ही 12 हजार मोजले होते. त्यांनी 90 कॉलेजांची छापील यादी हातात ठेवली. आम्ही राहतो कुठे, हेसुद्धा विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

लेकीला 2025 च्या सीईटीत 96.4 पर्सेंटाइल. तिची स्वतःची यादी बारा ओळींची: व्हीजेटीआय, एसपीआयटी, डीजे संघवी, सगळीकडे कॉम्प्युटर शाखा. मॅडमनी प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलचे आदल्या वर्षीचे कटऑफ उघडले आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने आकडा तिलाच लिहायला लावला. पाचव्या ओळीलाच पोरीचा चेहरा उतरला.

"अगं, खोडू नकोस. 300 पर्याय भरता येतात. वरचं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. याखाली भर घालू."

मग तिच्या पर्सेंटाइलच्या आसपासची कॉलेजं आली, मग नक्की मिळतील अशी. शेवटच्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न: "इथे चार वर्षं जाशील ना?" सहा नावं तिथेच गळाली. माटुंग्याला फास्ट गाडी थांबत नाही, अंधेरीला जायचं तर घाटकोपरहून मेट्रो, चेंबूरला कुर्ल्याला गाडी बदलायची, हे सगळं ओळीपुढे लिहिलं गेलं. फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी टी असलेला, हेही मला तिथेच कळलं. आमचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, म्हणजे तो भरायलाच हवा होता.

पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर घ्यावाच लागतो, दुसरीत पहिल्या तिनांतला कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांतला. म्हणून वरच्या सहा ओळींवर दीड तास गेला. मी मध्ये बोलायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा, तिला बोलू द्या."

अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठीच, की वेळ मिळायला आठ दिवस लागले आणि जिना फार उभा आहे.

दुसऱ्या फेरीत चौथा पर्याय लागला. बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळतो का ते बघायला, थांबायची मुभा होती. लेकीने पेन्सिलीची ती यादी काढली, वरच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या आणि स्वतःच सीट फ्रीझ केली, म्हणजे मिळालेली जागा पक्की केली.