शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घरच्या बागेतल्या तळ्याला लावला : पाचपैकी चार स्टार

आधी निकालच सांगून टाकते. तुमचं घर काळ्या मातीवर असेल, बागेतलं तळं विटा-सिमेंटचं असेल आणि दर उन्हाळ्यानंतर नवीन भेग सापडत असेल, तर सरळ शेततळ्याला घालतात तो काळा एचडीपीईचा (एक मजबूत प्लास्टिक) कागद आत घाला, ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, आणि गिलावा, कोटिंग, पावडर वगैरेच्या नादी लागू नका. एक स्टार कापला तो कोपऱ्यांसाठी, त्यावर पुढे बोलते.

आमचं तळं नाशिकला, १० बाय ६ फुटाचं, २ फूट खोल, सासऱ्यांनी हौसेने बांधून घेतलेलं. त्यात कमळं आणि गप्पी मासे. एवढ्या तळ्यात एक इंच पाणी उतरलं म्हणजे जवळजवळ १४० लिटर गेलं, त्यामुळे गळती म्हणजे नुसती कटकट नाही, टँकरच्या दिवसात ती चक्क खिशाला लागते.

पण कागद घ्यायच्या आधी पाणी नक्की जातंय कुठे ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे नुसतं ऊन आणि वारा दिवसाला ८-१० मिलिमीटर पाणी सहज पितं आणि लोक उगाच मिस्त्री बोलवतात. सोपी पद्धत म्हणजे तळ्यातच विटेवर एक बादली ठेवायची, तिच्यात तळ्याइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचं, दोन्हीकडे मार्करने खूण करायची आणि २४ तास हात लावायचा नाही. दोन्ही पाणी सारखंच उतरलं तर ती वाफ, तळ्याचं जास्त उतरलं तर गळती. कमळाची पानं पण पाणी उडवतात म्हणून थोडासा फरक सोडून द्यायचा, पण बादलीत बोटभर आणि तळ्यात वीतभर असा फरक असेल तर प्रश्नच मिटला.

मग धबधब्याला पाणी फिरवणारा पंप असेल तर तो बंद ठेवून परत बघायचं. पंप बंद केल्यावर पाणी उतरायचं थांबलं तर भिंतींना दोष देऊ नका, गळती पाइपमध्ये किंवा धबधब्याच्या दगडांमागे आहे. दगडावरचं शेवाळ वातीसारखं पाणी बाहेर ओढतं आणि कडेची माती कायम ओली दिसते, ते तर फुकटात निस्तरता येतं. पंप बंद असूनही उतरत असेल तर उतरू द्या (मासे आधी ड्रममध्ये काढा, तळ्यातल्याच जुन्या पाण्यात, आणि हवेचा छोटा पंप लावा). पाणी जिथे येऊन थांबेल त्याच रेषेवर कुठेतरी चीर असते, खाली शोधत बसायचं नाही. मग पाणी त्या रेषेच्या जरा वर भरायचं, स्थिर होऊ द्यायचं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने भिंतीजवळ दोन-चार थेंब दूध हळूच सोडायचं. जिथे चीर आहे तिथे दुधाची बारीक रेघ आत ओढली जाते, डोळ्यांनी दिसते. जास्त दूध ओतू नका, पाणी नासतं.

आमच्याकडे दोन जागा निघाल्या. एक पाइप भिंतीतून आत येतो तो सांधा, तो प्लंबरने सिलंट भरून बंद केला, किरकोळ काम. दुसरी लांब बाजूला आडवी भेग, आणि हीच खरी डोकेदुखी, कारण ती आधी दोनदा भरलेली होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला तडे जातात, त्यावर बसलेला हौद दरवर्षी थोडा हलतोच, मग भेगेत कितीही भारी मसाला भरा, तो कडक आहे म्हणजे शेजारून नवी भेग निघणार. मिस्त्रीचं म्हणणं होतं की ताई, भेग व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टर भरतो, वरून कोटिंगचे दोन हात मारतो. मुरमावर किंवा खडकावर बांधलेल्या तळ्याला हे बरोबर आहे, आमच्या जमिनीत नाही. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच चढतो, मासे मरतात, त्यामुळे तळं परत परत भरून रिकामं करत बसावं लागतं. कागदाला ही भानगडच नाही.

कागद पिंपळगावच्या बाजूला एका दुकानातून आणला, तिकडे द्राक्षबागांमुळे दर मैलावर शेततळं आहे आणि २०१६ मध्ये राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यापासून तर हा माल सगळीकडे मिळतो. दर चौरस मीटरवर असतो. रोलवर आयएस १५३५१ (अशा कागदाचं भारतीय मानक) छापलंय का बघा, नुसती जाड ताडपत्री गळ्यात मारतात. माप काढायला लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्ही बाजूंना एकेक फूट, रुंदीलाही तेच. म्हणजे आमच्यासाठी १६ बाय १२ फूट.

घालायच्या आधी भिंतीवरचे गिलाव्याचे टोकदार कण छिन्नीने काढले, तळाला चाळलेली रेती आणि त्यावर जुना गालिचा अंथरला. कागद तासभर उन्हात पसरून ठेवला की जरा नरम पडतो, थंडीच्या सकाळी हात लावू नका, लाकडासारखा वागतो. कोपऱ्यात वहीला कव्हर घालतो तशी घडी मारायची. पाणी एकदम नाही, थोडं थोडं भरत सुरकुत्या ओढून घ्यायच्या, आणि तळं पूर्ण भरेपर्यंत कडा कापायच्या नाहीत. नंतर कड शहाबादी फरशीखाली दाबली म्हणजे ऊन लागत नाही.

पाइपच्या भोकाभोवती मात्र वेल्डिंग लागतं, कारण एचडीपीईला बाजारातला कुठलाच गोंद धड चिकटत नाही, गरम हवेच्या गननेच जोडावं लागतं. शेततळ्यावर काम करणारी पोरं एवढ्याशा कामाला यायला तयार नव्हती, शेवटी आली आणि त्यांची कमीत कमी मजुरी कागदाच्या किमतीपेक्षा जास्त झाली. काम मात्र चोख, सांधा ओढून ओढून दाखवला.

आता तक्रारी. घड्या जाड होतात, कोपऱ्यात काळे फुगवटे दिसतात, कमळाच्या कुंड्या पुढे सरकवून झाकावे लागतात. कागद इतका गुळगुळीत आहे की पडलेला सरडा किंवा खारीचं पिल्लू वर चढू शकत नाही, एका बाजूला दगडांचा उतार करून द्या. घूस असेल तर आधी तिचा बंदोबस्त, ती खालून कुरतडते. आणि भर पावसाळ्यात तळं रिकामं करू नका, जमिनीतलं पाणी भेगेतून आत शिरून कागद खालून फुगतो.

गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या तळ्याला मी हा कागद सुचवणार नाही. तिथे १ मिलिमीटरचा ईपीडीएम रबरचा लायनर घ्या, महाग पडतो पण ताणला जातो, आकार धरतो आणि फाटला तर प्रायमर लावून टेपचा पॅच घरीच मारता येतो. आमच्यासारख्या चौकोनी हौदाला हाच कागद बरा. पाऊस आणि एक अख्खा उन्हाळा गेला, बादली परत ठेवून बघितली, तळं आणि बादली बरोबरीने उतरतायत. मासे दुसऱ्याच दिवशी सोडले होते, फक्त नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेवा. कापलेले तुकडे फेकू नका, उद्या भोक पडलं तर वेल्डिंगवाला पॅचसाठी तोच कागद मागतो.