इलॅस्टिकसर्च ७.१७ वरून ८ वर: काही महिन्यांच्या वापरानंतर

इलॅस्टिकसर्च म्हणजे मजकुरात शोध घेणारा सर्व्हर. आमचा उबंटूवर डेब पॅकेजने बसवलेला तीन नोडचा (एकत्र चालणाऱ्या तीन सर्व्हरचा) क्लस्टर, मजकूर बहुतांश मराठी. ८ वर नेऊन काही महिने झाले. एकदा उभा राहिल्यावर त्याने त्रास दिलेला नाही. घोडं अडतं ते सर्व्हिस सुरू होताना, आणि दोष बहुतेक वेळा ६ च्या काळापासून तशीच वापरात असलेल्या इलॅस्टिकसर्च.वायएमएल या सेटिंगच्या फाइलचा असतो.

अनोळखी सेटिंग ८ ला अजिबात खपत नाही. ७ मध्ये जुन्या नावांबद्दल फक्त डेप्रिकेशन लॉगमध्ये (पुढे बंद होणाऱ्या गोष्टींच्या नोंदीत) इशारा यायचा; आता ‘अननोन सेटिंग’ अशी ओळ लिहून प्रोसेस थेट बंद होते. पहिली ओळ वाचून थांबू नका. स्टॅकट्रेसमध्ये (त्या चुकीच्या सविस्तर नोंदीत) खाली ‘सप्रेस्ड’ म्हणून बाकीची नावंही दिलेली असतात, ती एकाच फेरीत काढा. नोडनी एकमेकांना शोधण्याची डिस्कव्हरी.झेनची सगळी सेटिंग्ज गेली आहेत. होस्टची यादी डिस्कव्हरी.सीड_होस्ट्समध्ये जाते, मिनिमम_मास्टर_नोड्स सरळ पुसायचं.

खरा धोका नोडची भूमिका ठरवणाऱ्या नोड.मास्टर (क्लस्टर सांभाळणं) आणि नोड.डेटा (मजकूर साठवणं) या दोन ओळींत आहे. फक्त मास्टर असलेल्या नोडवरची ‘नोड.डेटा: फॉल्स’ ओळ काढली आणि त्याऐवजी आलेलं नोड.रोल्स लिहायचं राहिलं, तर तो नोड सगळ्या भूमिका घेतो आणि त्याच्या छोट्या डिस्कवर शार्ड, म्हणजे इंडेक्सचे (शोधासाठी साठवलेल्या मजकुराचे) तुकडे, यायला लागतात. उलट, डेटा असलेल्या नोडला चुकून फक्त मास्टर केलं तर तो सुरूच होत नाही. जुनी ओळ आणि नोड.रोल्स दोन्ही एकत्रही चालत नाहीत.

म्हणून एकच आग्रह: हे सगळे बदल ७.१७ वरच करा. नोड.रोल्स ७.९ पासून आणि सीड_होस्ट्स ७.० पासून आहे, त्यामुळे एकेक नोड रीस्टार्ट करून नवी फाइल तिथेच तपासता येते. ८ वर गेल्यावर त्याच डेटावर ७ पुन्हा चालत नाही. आधी स्नॅपशॉट (डेटाची प्रत) घ्याच. ६ मध्ये बनलेला एखादा इंडेक्स उरला असेल तर त्याचं रीइंडेक्सही (नव्या इंडेक्समध्ये पुन्हा भरणं) ७.१७ वरच.

सिक्युरिटी ८ मध्ये मुळातच चालू असते. सर्टिफिकेट आपोआप बनण्याची सोय फक्त नव्या इन्स्टॉलला आहे, अपग्रेडला नाही. ट्रान्सपोर्ट टीएलएस (नोडमधल्या संवादाचं एन्क्रिप्शन) नसलेला, एकापेक्षा जास्त नोडचा क्लस्टर बूटस्ट्रॅप चेकवरच (सुरू होतानाच्या तपासणीवरच) अडकतो. सिक्युरिटी बंद करून वेळ मारून नेणं सोपं आहे, पण नको. इलॅस्टिकसर्च-सर्टयूटिलने सर्टिफिकेट बनवायला फार वेळ लागत नाही. सर्टिफिकेटची फाइल रूटने ६०० परवानगीने ठेवली तर सर्व्हिसला ती वाचता येत नाही. ग्रुप इलॅस्टिकसर्च, परवानगी ६६० ठेवा. किबानाच्या (इलॅस्टिकसर्चच्या वेब इंटरफेसच्या) फाइलमध्ये ‘इलॅस्टिक’ हा युजर असेल तर ८ तो नाकारतो, तिथे किबाना_सिस्टिम द्या.

लॉग फाइल रिकामी आणि सर्व्हिस बंद, असं दिसलं तर जर्नलसीटीएल (सिस्टिमचा लॉग) बघा. जेव्हीएमच्या (इलॅस्टिकसर्च ज्यावर चालतं त्या जावाच्या) चुका तिथेच सापडतात. ६ च्या जेव्हीएम.ऑप्शन्समधला सीएमएस कचरासंकलनाचा पर्याय नव्या जेडीकेला (जावाच्या नव्या आवृत्तीला) ओळखताच येत नाही. पॅकेजची नवी फाइल घ्या आणि हीपच्या (जावाला दिलेल्या मेमरीच्या) दोन ओळी जेव्हीएम.ऑप्शन्स.डी फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी .ऑप्शन्स असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. एक्सएमएस आणि एक्सएमएक्स सारखेच, रॅमच्या निम्म्याहून जास्त नकोत.

मराठीसाठी महत्त्वाचं: हिंदी, बंगालीसारखा मराठीचा तयार अ‍ॅनालायझर (मजकूर शब्दांत तोडून शोधायोग्य करणारा भाग) यात नाही, म्हणून आमच्याकडे आयसीयू हे युनिकोड मजकुरासाठीचं प्लगइन आहे. प्लगइन सर्व्हरच्या नेमक्या आवृत्तीचं हवं, ७.१७ चं राहिलं तर नोड सुरू होत नाही. नुसतं काढून टाकलं तर नोड सुरू होतो, पण आयसीयू टोकनायझर (शब्द तोडणारा भाग) न सापडल्याने त्या इंडेक्सचे शार्ड लागत नाहीत. योग्य प्लगइन टाकून नोड रीस्टार्ट केल्यावरही ते लाल (न लागलेले) राहू शकतात, कारण पाच प्रयत्नांनंतर सर्व्हर थांबलेला असतो. रीराउटला (शार्ड पुन्हा वाटण्याच्या विनंतीला) रिट्राय_फेल्ड=ट्रू देऊन पाठवा, मग शार्ड पुन्हा लागायला सुरुवात होते.