केन्ख्रेआई की लेखायॉन? करिंथच्या दोन बंदरांपैकी कोणतं निवडावं

ग्रीसमधल्या करिंथला एकच दिवस असेल, तर आधी नकाशा उघडा. लेखायॉन शहराच्या उत्तरेला सुमारे ३ किलोमीटरवर, करिंथच्या आखातावर. तिथून प्राचीन काळी जहाजं इटलीकडे निघत. केन्ख्रेआई पूर्वेला, सारोनिक आखातावर. तिथून आशिया मायनर (आजचा तुर्कस्तान) आणि इजिप्त. मधल्या संयोगभूमीवरून, म्हणजे दोन आखातांमधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून, माल नेला की दक्षिणेकडच्या मालेआ भूशिराचा धोकादायक वळसा टळे. दोन्ही बंदरं त्यावरच पोसली गेली.

लेखायॉनचा किनारा सपाट, वाळूचा. म्हणून आतल्या गोद्या जमीन खणून केल्या, आणि उपसलेल्या वाळूचे ढीग आजही टेकाडांसारखे दिसतात. अशा बंदरात उपसा थांबला की गाळ चढतोच, त्यामुळे आज तिथे दलदल आहे. सहाव्या शतकातल्या भूकंपात पडलेल्या, सुमारे १८० मीटर लांब बॅसिलिकेचा (प्राचीन चर्चचा) पाया मात्र चांगला दिसतो. बंदरबांधणीचा अभ्यास करायचा असेल तर इथेच या, पण आराखडा सोबत ठेवा. नुसत्या डोळ्यांना गोदी ओळखू येत नाही.

इतर सगळ्यांना आम्ही केन्ख्रेआईच सुचवू. नैसर्गिक उपसागर, दोन बाजूंनी समुद्रात घातलेले धक्के आणि त्यांच्या कुशीत छोटं गाव. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियसने इथल्या ॲफ्रोडाइटी, अस्क्लेपिअस आणि इसिस या देवतांच्या देवळांची नोंद केली आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाने नवस फेडताना केस इथेच कापले, आणि त्याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातली फीबी इथल्याच ख्रिस्ती मंडळीची. इथे गाळाने नव्हे, जमीन खचल्याने घात केला. दक्षिण धक्क्यावरच्या भिंती उथळ पाण्यात आहेत. समुद्र शांत असताना काठावरूनही दिसतात, पोहण्याचा चष्मा असेल तर फारच छान.

याच धक्क्यावरच्या इमारतीत १९६० च्या दशकात काचेच्या तुकड्यांनी जडवलेल्या शंभराहून जास्त फलकांचा साठा सापडला. त्यांवर नाईलकाठची दृश्यं, बंदरं, होमर, प्लेटो. चौथ्या शतकात ते पेट्यांतून आले, पण भिंतीवर चढण्याआधीच इमारत पाण्याखाली गेली. फलक जोडीजोडीने तोंडाला तोंड लावून ठेवलेले होते. शतकानुशतकं पाण्यात राहून काच कुजली आणि समोरासमोरचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटले. म्हणूनच ते सोडवणं इतकं अवघड गेलं.

हे फलक जवळच्या इस्थमिआ या प्राचीन स्थळाच्या संग्रहालयात आहेत. आधी तिथे जा आणि मग बंदरावर: रिकाम्या भिंतींवर काय लागणार होतं ते कळलेलं असेल.