मंगळवाले परवडले, गुडघे आवरा

इंग्लंडमधल्या आम्हा वोकिंगकरांना मंगळवाल्यांचं अप्रूप नाही. आमच्या गावात त्यांचं तीन पायांचं, सात मीटर उंच यंत्र भर बाजारात उभं आहे. एच. जी. वेल्सने 1898 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत पृथ्वीवर चाल करून आलेल्या मंगळवाल्यांना उतरवलं तेही इथल्याच हॉर्सेल कॉमनवर. माझा जीव मात्र कादंबरीपेक्षा संगीतकार जेफ वेनने 1978 साली तिच्यावर केलेल्या त्याच नावाच्या डबल अल्बमवर. दादाने मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या कॅसेटची मी पार फीत झिजवली. त्यातलं नट रिचर्ड बर्टनचं निवेदन अजून तोंडपाठ आहे.

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर 2019 मध्ये याच अल्बमवर आत शिरून अनुभवायचा प्रयोग सुरू झाला. मी गेले ती डोंबिवलीहून आलेल्या नणंदेला घेऊन. तिने अल्बमचं नावही ऐकलेलं नव्हतं.

खुर्चीबिर्ची काही नाही. डझनभर माणसांचा घोळका या खोलीतून त्या खोलीत पिटाळतात. कुठे जिवंत नट, कुठे हॉलोग्राम, कुठे डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी जगाचा) चष्मा. मध्यंतरात बार. मध्यंतर धरून दोन तासांच्या आत सगळं आटोपतं.

सगळ्यात जमलंय ते अंधारात. एका पडक्या घरात आम्ही दबून बसलो होतो आणि बाहेरून ‘उल्लाऽऽ’ आलं. अल्बममधली ती मंगळवाल्यांची आरोळी, टॉकबॉक्समधून, म्हणजे गिटारचा सूर तोंडाने वळवून, काढलेली. घरी स्पीकरवर हजारदा ऐकलीय, पण इथे ती पायाखालच्या फळीतून पोटरीत चढली. शेजारचा नट ओठांवर बोट ठेवून खरोखर थरथरत होता. नणंदेने माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. त्या खोलीसाठी मी पुन्हा पैसे मोजीन.

व्हीआरमध्ये मात्र माझं मन रमलं नाही. होडीत बसून ‘थंडर चाइल्ड’ या युद्धनौकेची झुंज पाहायची. होडी हलते, वारा लागतो, सगळं चोख. पण अल्बमवर क्रिस थॉम्पसन या नौकेचं गाणं गातो तेव्हा माझ्या डोक्यातली नौका याच्या दुप्पट असते, आणि ती व्हिडिओ गेमसारखी दिसत नाही. शिवाय गाणी तुकड्यातुकड्याने येतात. अल्बमचा दुसरा गायक जस्टिन हेवर्डचा आवाज लागला की आपण थांबू बघतो, तोवर पुढच्या खोलीचं दार उघडलेलं असतं. अल्बमच्या भक्तांना हे जड जाणार.

नणंदेला हे अजिबात पटलं नाही. “वहिनी, तुला सगळं पाठ आहे म्हणून तू खुसपटं काढतेस. मला पुढे काय होणार तेच ठाऊक नव्हतं!” तिला होडीच सर्वांत आवडली.

जाणाऱ्यांसाठी: सपाट बूट घाला, साडी नको. मध्ये रांगावं लागतं, आणि एक घसरगुंडीही आहे. पन्नाशीपुढच्यांनी गुडघ्यांना विचारूनच तिकीट काढावं.